वेरूळची ताम्रमुद्रित चित्रे (१८०३) : एका दृश्य-दस्तऐवजाचे वाचन

सारांश

वसाहतकाळात युरोपीय चित्रकारांनी व मुद्रकांनी भारतीय मंदिरवास्तूंची जी मुद्राचित्रे प्रसिद्ध केली, त्यांत वेरूळच्या लेण्यांच्या चोवीस चित्रांचा संच (लंडन, १८०३) विशेष महत्त्वाचा आहे. हा संच थॉमस डॅनियल यांच्या नावाने ओळखला जातो. प्रत्यक्षात डॅनियल वेरूळला कधीही आले नव्हते. ही चित्रे जेम्स वेल्स यांच्या रेखाटनांवरून तयार झाली आणि त्या रेखाटनांच्या परिसरात पुण्याचे चित्रकार गंगाराम तांबट यांचेही काम होते. प्रस्तुत लेखात या चित्रांची निर्मितिप्रक्रिया, त्यांतील विश्वसनीय व अविश्वसनीय भाग आणि इतिहासाचे साधन म्हणून त्यांचे वाचन कसे करावे, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : वेरूळ, कैलास लेणे, मुद्राचित्र, अॅक्वाटिंट, गंगाराम तांबट, जेम्स वेल्स, द्राविड वास्तुशैली

प्रस्तावना

इतिहास, पर्यटन, चित्रकला आणि मराठी अशा विविध विषयांच्या अध्यापनात वेरूळचा उल्लेख येतो. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरातील पडेगाव परिसरातून दौलताबाद, खुलताबादमार्गे वेरूळला जाणारा रस्ता येथील प्राध्यापक व विद्यार्थी यांच्या नित्य परिचयाचा आहे. या लेण्यांविषयीचे साहित्य वाचताना जुनी, फिकट रंगांची काही चित्रे वारंवार समोर येतात. डोंगराची रांग, कैलासाचा उंच स्तंभ, अंधारी सभागृहे, त्यांत उभी असलेली लहान लहान माणसे असे त्यांचे स्वरूप असते. चित्राखाली बहुधा 'डॅनियल' एवढेच नाव असते. ही चित्रे दोनशे वर्षांपूर्वीच्या वेरूळचे जणू छायाचित्रच आहेत, असे गृहीत धरून त्यांचा वापर होण्याची शक्यता मोठी असते.

हे गृहीतक तपासणे आवश्यक आहे. लिखित साधनाची चिकित्सा करताना लेखक कोण, त्याने घटना स्वतः पाहिली की ऐकली, प्रत कोणी केली आणि मजकुरात भर कोणी घातली, असे प्रश्न आपण विचारतो. दृश्य साधनांच्या बाबतीत मात्र हेच प्रश्न विचारण्याचा आपल्याला अनेकदा विसर पडतो. मुद्राचित्र हे तर अनेक हातांतून गेलेले साधन होय. म्हणून त्याची चिकित्सा अधिकच काटेकोरपणे करावी लागते.

उद्दिष्टे

१. वेरूळच्या १८०३ च्या मुद्राचित्र-संचाची निर्मिती कशी झाली हे स्पष्ट करणे.
२. अॅक्वाटिंट या तंत्राचा चित्राच्या आशयावर होणारा परिणाम समजावून घेणे.
३. दक्षिण भारतीय (द्राविड) मंदिरवास्तूच्या संदर्भात या चित्रांचे मूल्य व मर्यादा निश्चित करणे.
४. महाविद्यालयीन अध्यापनासाठी या चित्रांच्या वाचनाची पद्धती सुचविणे.

कैलास लेणे : दख्खनमधील द्राविड वास्तू

विषयाच्या आकलनासाठी प्रथम वास्तूचा अल्प परिचय आवश्यक आहे. वेरूळ येथील क्रमांक दिलेल्या चौतीस लेण्यांपैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन लेणी आहेत. सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे प्रामुख्याने राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (सुमारे इ. स. ७५६ ते ७७३) याच्या काळातील मानले जाते. कर्क सुवर्णवर्ष याच्या इ. स. ८१२–१३ मधील बडोदा ताम्रपटात एलापूर येथील या मंदिराची प्रशंसा आढळते. डोंगराचा कडा वरून खाली कोरत नेऊन हे मंदिर घडविले आहे. ज्या खोदीव प्रांगणात ते उभे आहे त्याची लांबी सुमारे २७६ फूट, रुंदी १५४ फूट आणि मागील कड्याची उंची १०७ फूट आहे.

वास्तुशैलीच्या दृष्टीने कैलास हे द्राविड परंपरेचे मंदिर होय. पट्टदकल येथील विरूपाक्ष मंदिराशी असलेले त्याचे साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पट्टदकलच्या मंदिराचा संबंध पुढे कांचीपुरमच्या कैलासनाथ मंदिराशी जोडला जातो. उंच अधिष्ठान, स्तरांनी चढत जाणारे विमान, अष्टकोनी शिखर, स्वतंत्र नंदीमंडप आणि प्रवेशद्वार यांची मांडणी दक्षिणेकडील आहे. त्यामुळे दक्षिण भारतीय मंदिरवास्तूची युरोपीय मुद्राचित्रे या विषयाचा महाराष्ट्रातील सर्वांत जवळचा नमुना म्हणजे वेरूळच्या चित्रांचा हा संच होय.

संचाची निर्मिती : पुणे ते लंडन

वेरूळची ख्याती युरोपात या संचापूर्वीच पोहोचली होती. फ्रेंच अभ्यासक आंकतील द्युपेराँ यांनी १७७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वेरूळचे वर्णन आहे. मात्र शब्दांतील वर्णनावरून वास्तूची कल्पना येणे कठीण होते. ती उणीव भरून काढण्याचे प्रयत्न अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पुण्यातून झाले.

सर चार्ल्स वेअर मॅलेट हे १७८६ पासून १७९७ पर्यंत पेशव्यांच्या दरबारात ईस्ट इंडिया कंपनीचे रेसिडेंट होते. त्यांना प्राचीन वास्तूंविषयी आस्था होती. १७९४ मध्ये त्यांनी वेरूळला भेट दिली आणि लेण्यांचे वर्णन लिहिले. ते 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सहाव्या खंडात प्रसिद्ध झाले. जेम्स वेल्स हे स्कॉटलंडचे चित्रकार १७९१ मध्ये मुंबईस आले व मॅलेट यांच्या आश्रयाने पुण्यात काम करू लागले. सवाई माधवराव पेशवे व नाना फडणवीस यांचे १७९२ मधील प्रसिद्ध तैलचित्र वेल्स यांचेच होय. व्यक्तिचित्रांबरोबरच घारापुरी, कान्हेरी, कार्ले व वेरूळ येथील लेण्यांची रेखाटने करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. रॉबर्ट मेबन हे त्यांचे साहाय्यक होते. मात्र १७९५ मध्ये वेल्स यांचे निधन झाले आणि रेखाटने अप्रकाशित राहिली.

मॅलेट इंग्लंडला परतल्यानंतर १७९९ मध्ये त्यांचा विवाह वेल्स यांची कन्या सुसाना हिच्याशी झाला. वेल्स यांची वेरूळची रेखाटने मुद्रणासाठी थॉमस डॅनियल यांच्याकडे आली. थॉमस डॅनियल व त्यांचे पुतणे विल्यम यांनी १७८६ ते १७९३ या काळात भारतात प्रवास केला होता. १७९२–९३ मध्ये त्यांनी दक्षिण भारतातील मंदिरांची रेखाटने केली आणि १७९३ मध्ये मुंबईस वेल्स यांच्या सहवासात पश्चिम भारतातील काही लेणी पाहिली. वेरूळपर्यंत मात्र ते पोहोचले नाहीत. १८०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संचाच्या शीर्षकाचा आशय 'दख्खनमधील औरंगाबादनजीकच्या वेरूळ पर्वतातील हिंदूंची खोदकामे' असा आहे. वेल्स यांच्या रेखाटनांवरून डॅनियल यांनी किंवा त्यांच्या देखरेखीखाली हे मुद्रण झाल्याचे त्यात नमूद आहे. पुढे हा संच डॅनियल यांच्या 'ओरिएंटल सीनरी' या १४४ चित्रांच्या मालिकेचा सहावा भाग म्हणून गणला गेला आणि वेल्स यांचे नाव हळूहळू मागे पडले.

गंगाराम तांबट यांचे स्थान

वेल्स यांच्यापेक्षाही अधिक मागे पडलेले नाव गंगाराम चिंतामण नवगिरे (तांबट) यांचे होय. तांब्याची भांडी व मूर्ती घडविणाऱ्या पुण्यातील तांबट समाजातून आलेले गंगाराम हे मॅलेट व वेल्स यांच्यासाठी चित्रे काढीत असत. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातील गेंड्याचे त्यांनी काढलेले चित्र १७९० मधील आहे, म्हणजे ते वेल्स यांच्या आगमनाच्याही पूर्वीचे आहे. शनिवारवाड्यात स्थापन झालेल्या चित्रशाळेशी गंगाराम यांचे नाव जोडले जाते. त्यांनी वेरूळ व कार्ले येथील लेण्यांची रेखाटने केली. मॅलेट व वेल्स यांच्या संग्रहातील या परंपरेची कागदपत्रे आज अमेरिकेतील येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट या संस्थेच्या पॉल मेलन संग्रहात जतन केलेली आहेत. २०११ मध्ये त्या संस्थेने भरविलेल्या प्रदर्शनामुळे अभ्यासकांचे लक्ष त्यांच्याकडे नव्याने वेधले गेले.

येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. डॅनियल यांच्या चोवीसही चित्रांमागे गंगाराम यांचेच हात होते, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. संचाच्या शीर्षकात श्रेय वेल्स यांना दिलेले आहे. परंतु वेल्स, मेबन व गंगाराम हे एकाच आश्रयदात्याच्या छत्राखाली, एकाच वास्तूंवर काम करीत होते, ही बाबही तितकीच निश्चित आहे. म्हणून या चित्रांकडे एका व्यक्तीची निर्मिती म्हणून न पाहता एका कार्यशाळेची निर्मिती म्हणून पाहणे अधिक योग्य होय. कोणत्या चित्रामागे कोणाचे निरीक्षण आहे, हे मूळ रेखाटने व मुद्राचित्रे शेजारी ठेवून चित्रागणिक तपासावे लागेल.

अॅक्वाटिंट तंत्र व त्याचे परिणाम

या संचासाठी वापरलेले तंत्र समजल्याशिवाय चित्रांचे वाचन अपुरे राहते. अॅक्वाटिंट हा अम्लरेखनाचा प्रकार आहे. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर राळेची बारीक भुकटी पसरून पत्रा तापविला जातो. राळेचे कण पत्र्याला चिकटतात व त्यांच्यामधील सूक्ष्म जागा उघड्या राहतात. पत्र्यावर आम्लाची क्रिया केली असता त्या उघड्या जागा कोरल्या जातात. जो भाग पांढरा किंवा फिकट ठेवायचा असेल त्यावर रोगण लावून तो झाकतात आणि उर्वरित भागावर पुन्हा आम्ल सोडतात. ही क्रिया जितक्या वेळा होईल तितक्या छटा मिळतात. शेवटी पत्र्यावर शाई भरून ओलसर कागदावर दाबयंत्राने ठसा घेतात. ठशात चित्राची डावी-उजवी बाजू उलटते, म्हणून पत्र्यावर मूळ रेखाटन उलटे उतरवावे लागते.

या प्रक्रियेचे तीन परिणाम लक्षात घेण्यासारखे आहेत. पहिला परिणाम असा की, अॅक्वाटिंट हे प्रामुख्याने छटांचे तंत्र आहे. लेण्यांतील अंधार, स्तंभावर पडणारा तिरपा उजेड, कड्याची सावली हे सर्व त्यात उत्तम साधते. याउलट बारीक शिल्पपट, मूर्तींची आयुधे किंवा स्तंभांवरील नक्षी छटेत विरून जाण्याचा संभव असतो. मूर्तिशास्त्राच्या अभ्यासासाठी हे साधन म्हणूनच दुबळे ठरते.

दुसरा परिणाम रंगाचा आहे. मुद्रणात मर्यादित शाया वापरल्या जात व नंतर प्रत्येक प्रत जलरंगांनी हाताने रंगविली जात असे. हे काम लंडनमध्ये होई. वेरूळचा काळसर करडा बसाल्ट खडक त्यात पिवळसर किंवा तपकिरी दिसला, तर तो रंगविणाऱ्याचा निर्णय समजावा. कैलास लेण्यावर एके काळी चुन्याचा गिलावा व रंगकाम होते आणि 'रंगमहाल' हे त्याचे एक प्रचलित नावही होते. मुद्राचित्रांतील रंगांवरून या रंगकामाविषयी अनुमान काढणे मात्र धोक्याचे आहे. एकाच चित्राच्या दोन प्रतींतही रंग भिन्न असू शकतात.

तिसरा परिणाम पुनरावृत्तीचा आहे. छापील चित्रावरून दुसरे चित्र तयार करणे सोपे असते. वेरूळची चित्रे प्रसिद्ध झाल्यानंतर ती अन्य ग्रंथांत नव्याने कोरली गेली. पॅरिसचे लुई लांग्ले यांनी भारतीय वास्तूंवरील आपला ग्रंथ १८२१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात वेरूळची चित्रे आहेत, परंतु लांग्ले स्वतः भारतात आले नव्हते. १८३० ते १८३३ या काळात प्रसिद्ध झालेल्या कॅप्टन रॉबर्ट एलियट यांच्या ग्रंथातील वेरूळची चित्रे तर त्यांच्या कच्च्या रेखाटनांवरून इंग्लंडमधील चित्रकारांनी नव्याने रचलेली होती. अशा प्रत्येक टप्प्यावर प्रत्यक्ष वास्तूपासूनचे अंतर वाढत गेले.

चित्रांतील विश्वसनीय व अविश्वसनीय भाग

मग या चित्रांवर कितपत विश्वास ठेवावा? सरसकट स्वीकार किंवा सरसकट नकार या दोन्ही भूमिका उपयोगाच्या नाहीत. भागाभागाने विचार करावा लागतो.

वास्तूची स्थूल रचना, लेण्यांचा परस्परसंबंध आणि डोंगराची ठेवण यांबाबत हा संच बराच उपयुक्त आहे. आरंभीच्या तीन चित्रांत वेरूळच्या डोंगराचे सलग दृश्य तीन भागांत दाखविले आहे. ती एकमेकांना जोडली असता लेण्यांचा क्रम नजरेत भरतो. केवळ नयनरम्यता हा हेतू असता तर असा क्रमवार आलेख काढण्याचे कारण नव्हते. यामागे सर्वेक्षणाची दृष्टी दिसते.

स्थानिक नावांच्या बाबतीत या संचाचे मूल्य आणखी वेगळे आहे. लेण्यांना क्रमांक देण्याची आजची पद्धत नंतरची आहे. १८०३ च्या चित्रांच्या शीर्षकांत विश्वकर्मा, इंद्रसभा, जगन्नाथसभा, दशावतार, रामेश्वर, डुमर लेणे अशी नावे रोमन अक्षरांत उतरविलेली आहेत. ही नावे वेरूळच्या लोकांच्या तोंडून आलेली आहेत. गावकऱ्यांच्या स्मृतीत असलेली लेण्यांची नावे अठराव्या शतकाच्या शेवटी कोणती होती, याचा हा छापील पुरावा होय. मराठीच्या व लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी त्याची नोंद घेण्यासारखी आहे.

अविश्वसनीय भागांत प्रथम अंतरे व प्रमाणे येतात. कैलासाच्या प्रांगणात उभे राहिले असता संपूर्ण विमान एका दृष्टीत मावत नाही, कारण भोवतालचे कडे जवळ आहेत. अशा ठिकाणी चित्रकारापुढे दोनच मार्ग उरतात. एक तर त्याने कड्यावर चढून वरून पाहावे, किंवा निरनिराळ्या जागांवरून केलेली निरीक्षणे एका चित्रात जुळवावीत. दुसऱ्या मार्गात प्रांगण प्रत्यक्षापेक्षा प्रशस्त दिसू लागते. त्यात माणसांच्या आकृती लहान काढल्या की वास्तूची भव्यता आणखी वाढते. पुढच्या बाजूस गडद झाड, मध्ये प्रकाशित वास्तू, मागे फिकट आकाश ही रचना तर त्या काळच्या इंग्रजी निसर्गचित्रणाचा संकेतच होता. चित्रातील प्रत्येक झाड त्या जागी उभे होते, असे म्हणूनच मानता येत नाही.

दुसरा दोष वर्गीकरणाचा आहे. संपूर्ण संचाला 'हिंदूंची खोदकामे' असे नाव दिले असले, तरी त्यात विश्वकर्मा हे बौद्ध चैत्यगृह आहे आणि इंद्रसभा हे जैन लेणे आहे. तत्कालीन युरोपीय अभ्यासकांना या तीन परंपरांतील भेद पुरेसा उमगला नव्हता. चित्र अचूक असूनही त्याचे शीर्षक वाचकाची दिशाभूल करू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

पुढील वाटचाल : दृश्याकडून मोजमापाकडे

रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले यांच्या १८२६ ते १८३० मधील पश्चिम भारतविषयक संचात वेरूळबरोबर दौलताबाद व औरंगाबाद यांचीही रंगीत अॅक्वाटिंट चित्रे आली. त्यानंतर मात्र दृष्टिकोन बदलू लागला. त्या बदलाची एक महत्त्वाची खूण दक्षिणेत दिसते. बंगळूरचे राम राज यांचा हिंदू वास्तुशास्त्रावरील निबंध १८३४ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने प्रसिद्ध केला. त्यातील चित्रांचा भर शिल्पशास्त्रातील अधिष्ठान, पाद, प्रस्तर, शिखर, स्तूपी या अंगांवर व त्यांच्या प्रमाणांवर होता. मंदिर कसे दिसते याऐवजी ते कोणत्या नियमांनी रचले जाते, हा प्रश्न एका भारतीय अभ्यासकाने संस्कृत ग्रंथांच्या आधारे मांडला. डॅनियल यांची चित्रे आणि राम राज यांच्या आकृती एकत्र अभ्यासल्या असता कैलासाच्या विमानाचे आकलन अधिक चांगले होते.

जेम्स फर्ग्युसन यांनी १८४५ मध्ये लेण्यांचा शिलामुद्रित संच प्रसिद्ध केला आणि १८७६ च्या आपल्या ग्रंथात मंदिरवास्तूचे शैलीवार वर्गीकरण रूढ केले. १८६४ मध्ये मेजर रॉबर्ट गिल यांची लेण्यांची ७४ छायाचित्रे फर्ग्युसन यांच्या विवेचनासह प्रसिद्ध झाली. जेम्स बर्जेस यांचा वेरूळविषयक अहवाल १८८३ मध्ये आला व त्यात नकाशे आणि मोजमापे यांना प्राधान्य मिळाले. १८०३ च्या चित्रांची पडताळणी करण्यासाठी आज आपल्यापाशी गिल यांची छायाचित्रे व बर्जेस यांचे आराखडे अशी दोन स्वतंत्र साधने आहेत.

पडताळणी करताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चित्र व आजची वास्तू यांत फरक आढळला म्हणजे चित्रकार चुकला असे नेहमीच होत नाही. हैदराबाद संस्थानात १९१४ मध्ये पुरातत्त्व विभाग स्थापन झाला. त्या विभागाने व नंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने येथे जतनकार्य केले आहे. मधल्या काळात झीज, पडझड, सफाई व डागडुजी हे सर्व घडले आहे.

अध्यापनासाठी सूचना

वेरूळ एका दिवसाच्या अभ्याससहलीच्या टप्प्यात असणे हा येथील महाविद्यालयांना लाभलेला मोठा फायदा आहे. मुद्राचित्राची प्रत हातात घेऊन, ते ज्या जागेवरून काढले असावे ती जागा शोधणे, हा उत्तम स्वाध्याय होऊ शकतो. त्यासाठी पुढील प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत.

१. चित्राखाली रेखाटन करणारा व पत्रा कोरणारा यांची नावे स्वतंत्र दिली आहेत काय? त्यांपैकी प्रत्यक्ष स्थळी कोण आला होता?
२. हे दृश्य एका जागेवरून दिसते, की अनेक जागांवरील निरीक्षणे एकत्र केली आहेत?
३. स्तंभांची संख्या, जिन्यांची दिशा, दालनांचा क्रम या मोजता येण्याजोग्या बाबी जुळतात काय?
४. झाडे, आकाश, माणसे व रंग यांपैकी कोणते घटक संकेत म्हणून आले आहेत?
५. शीर्षकातील नाव आज प्रचारात आहे काय? गावातील वृद्ध व्यक्ती त्या लेण्यास काय म्हणतात?

पहिले दोन प्रश्न इतिहास व चित्रकला विभागांनी, तिसरा भूगोल किंवा गणित विभागाने आणि शेवटचा मराठी विभागाने हाती घेतल्यास हा स्वाध्याय खऱ्या अर्थाने आंतरविद्याशाखीय होईल.

निष्कर्ष

१. १८०३ चा वेरूळ चित्रसंच हा डॅनियल यांच्या प्रत्यक्ष निरीक्षणाचा पुरावा नाही. तो वेल्स यांच्या रेखाटनांवरून लंडनमध्ये झालेला मुद्रणप्रकल्प आहे. अध्यापनात व लेखनात त्याचा उल्लेख 'जेम्स वेल्स यांच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियल' असाच करणे उचित होय.

२. वास्तूची स्थूल मांडणी, डोंगराचे स्वरूप व स्थानिक नावे यांसाठी हा संच मोलाचा आहे. रंग, प्रमाणे, सूक्ष्म शिल्पे व संप्रदाय यांसाठी तो एकट्याने पुरेसा नाही.

३. वेरूळच्या दृश्य-नोंदींच्या इतिहासात गंगाराम तांबट यांचे स्थान स्वतंत्रपणे अभ्यासले जाणे आवश्यक आहे. पेशवेकालीन पुण्यातील एका कारागिराने युरोपीय यथार्थदर्शनाचे तंत्र आत्मसात करून लेण्यांची नोंद केली, ही घटना महाराष्ट्राच्या कलेतिहासात तळटीपेपुरती राहू नये.

४. वसाहतकालीन मुद्राचित्रे ही केवळ युरोपीयांची दृष्टी होती, असे म्हणून ती बाजूला सारता येणार नाहीत. त्यांच्या निर्मितीत पेशव्यांचा दरबार, पुण्याचा तांबट, वेरूळचा वाटाड्या आणि लंडनचा मुद्रक या सर्वांचा वाटा होता. तो वाटा वेगवेगळा करून दाखविणे हे संशोधकाचे काम आहे, आणि त्यासाठी लागणारी मूळ वास्तू आपल्या दाराशी आहे.